बारशिंग्यांचा ओंडका

फाल्गुन लागला की नागपुरातले कडुनिंब आठवडाभरात रिकामे होतात, ऊन अजून बोचत नसतं पण आपण येतोय एवढं सांगून जातं, आणि लोक माळ्यावरचे कूलर उतरवून धुवायला घेतात. आमच्या मनीषनगरच्या सोसायटीत याच दिवसांत होळीचं लाकूड जमायला लागतं. मोडक्या खुर्च्या, खोक्यांच्या फळ्या, वाळक्या फांद्या, हाताला लागेल ते फाटकाशी येऊन पडतं. कुंपणाजवळ दोन वर्षांपूर्वी वादळात उन्मळलेल्या आंब्याचं खोड आहे. काल सकाळी आमचे वॉचमन रामभाऊ माझ्या गॅलरीखाली उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, हे खोड नेऊ काय होळीले? पुरं सडून राहिलं."

मी म्हटलं, "थांबा, उद्या सांगते."

आत आले, चहा ठेवला, तो उतू गेला. एका सडक्या खोडासाठी या बाईला उद्यापर्यंत विचार कसला करायचा आहे, असं त्यांना वाटलं असेल. त्यांचं चुकत नाही. पण मला या प्रश्नाचं उत्तर पूर्वी एकदा देता आलं नव्हतं, आणि ते न दिल्यानं काय झालं हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

तेव्हा मी लकडगंजात राहत होते. सत्तर सालानंतरची ती दोन-तीन वर्षं. एका मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. आईवडील गेलेले, भाऊ अमरावतीला त्याच्या संसारात. माझं लग्न आधी जमलं नाही आणि नंतर जमवायचं राहून गेलं. वय चौतीस. एका आरामशीनच्या मागच्या आवारात ओळीनं चार खोल्या होत्या, त्यांतली शेवटची माझी. सकाळी आठला आरा सुरू झाला की भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा थरथरायचं. भुसा सगळीकडे: खिडकीत, पिठाच्या डब्यात, वेणीत. आरा चालू असताना बोलायचं म्हणजे ओरडावं लागे, अशी शेजारणींची तक्रार असायची. मला तशी अडचण नव्हती. बोलायला कुणी नव्हतंच.

मला एकटं वाटत होतं. हे वाक्य तेव्हा मी स्वतःशीही म्हटलं नसतं. मी म्हणायचे, मला शांतता आवडते. आरामशीनच्या मागे राहून.

माझ्या खोलीच्या बाजूला, भिंतीलगत एक ऐनाचा ओंडका लोळत पडला होता. बालाघाटकडच्या जंगलातून ट्रकनं आलेला. आऱ्यावर चढवला तेव्हा आतून कुजलेला निघाला म्हणून मागे ढकलून दिलेला. त्याच्या कापलेल्या तोंडावर जंगल खात्याच्या हातोड्याचा ठसा होता आणि त्याखाली दोन गाठी. आधी मी त्यावर बसून भाजी निवडायची. मग एका आषाढात, पाऊस उघडल्यावर संध्याकाळी, त्याच्या सालीखालून एक भुंगा बाहेर आला. करंगळीएवढा लांब, चिंचोक्याच्या रंगाचा, आणि डोक्यापुढे दोन शिंगं. शिंगं म्हणजे त्याचे जबडेच, पण हरणासारखे फाटे फुटलेले. तो ओंडक्यावर येऊन थांबला, शिंगं वर केली आणि माझ्याकडे बघितल्यासारखं केलं. माझ्याकडे असं थांबून कुणी बघितल्याला बरेच दिवस झाले होते.

आऱ्यावरचे मुख्य कारागीर सुखदेवजी. पन्नाशीचे, कोरडे, डाव्या हाताची दोन बोटं आऱ्यानं नेलेली. मी वहीत त्या भुंग्याचं चित्र काढत असताना ते विडी ओढायला मागे आले.

"हा बारशिंग्या हाये, बाई," ते म्हणाले. "जंगलातून लाकडासंगं येते. पाहा, शिंगं कसे बारशिंग्यासारखेच हायेत."

"चावतो का?"

"दिसाले राक्षस, पण गरीब हाये. झगडा करते थो आपसातच. अन् थे बी जेवणासाठी नाई, बायकोसाठी."

त्या पावसाळ्यात मी अकरा बारशिंगे मोजले. नरांची कुस्ती बघितली. एकमेकांना शिंगांत धरून उचलायचं आणि ओंडक्यावरून खाली टाकायचं, की झालं. पडलेला उठून, पाय झटकून दुसरीकडे जायचा. कुणाच्या अंगावर ओरखडासुद्धा नसे. आमच्या शाळेच्या स्टाफरूमपेक्षा हा कारभार मला सरस वाटला. मी आंब्याच्या चोखलेल्या कोयी ओंडक्यावर ठेवायची, ते येऊन चाटायचे. माद्यांची शिंगं आखूड. त्या मऊ लाकडात तोंड खुपसून दिसेनाशा व्हायच्या. भाद्रपदात एकेक करून सगळे संपले. शेवटचा माझ्या खिडकीत पाय दुमडून पडलेला सापडला. मी त्याचंही चित्र काढलं, आणि त्या दिवशी शाळेतून येताना ओंडक्याकडे बघायचं टाळलं.

"रडू नका," सुखदेवजी म्हणाले. मी रडत नव्हते, पण त्यांना तसं वाटलं. त्यांनी पटाशीनं सालीचा एक तुकडा अलगद उचलला. आत भुशात वेटोळं करून एक पांढरी अळी झोपली होती. डोकं तपकिरी, अंग दुधाच्या सायीसारखं. "हे लेकरू. तीन पावसाळे असंच अंधारात राह्यते. मंग शिंगं येते. लाकूड सुकलं का मेलं, जळलं का मेलं. बाकी याले दुसरा दुश्मन नाई."

एका सालीखाली सात होत्या. आत किती असतील कुणास ठाऊक. त्यांनी साल परत बसवली आणि वरून तळव्यानं दाबली, पांघरूण नीट करतात तशी.

ऑक्टोबरचं ऊन तापायला लागल्यावर मी ओंडक्याला पाणी घालायला लागले. आवारात एकच नळ. माझ्या वाट्याच्या दोन बादल्यांतले चार तांबे रोज सकाळी ओंडक्यावर. पहिल्या खोलीतल्या यमुनाबाई, आवारातल्या बायकांच्या पुढारी, नळावरून बघायच्या आणि बाकीच्यांना खूण करायच्या. एकदा माझ्या कानावर आलंच, "बाई लाकडाले पानी घालते वं. झाड उगवन म्हनते काय." सगळ्या हसल्या. मीही ऐकलं नाही असं दाखवून हसले. पण दुसऱ्या दिवसापासून त्या सगळ्या नळावर येण्याआधीच मी पाणी घालून मोकळी होऊ लागले.

थंडी गेली. माझ्या वहीत ओंडकाच ओंडका झाला: त्याची साल, भोकं, कार्तिकात त्यावर उगवलेली कानाएवढी आळिंबी. आणि मग फाल्गुन आला, होळीला आठ दिवस राहिले.

यमुनाबाईंचा धाकटा दीर बबन हा गल्लीतल्या होळीचा म्होरक्या. आरामशीनच्या गल्लीची होळी म्हणजे मानाची. इतर वस्त्यांतली पोरं लाकूड चोरून आणायची, आमच्याकडे ते मागूनही मिळायचं. बबननं ओंडक्यावर पाय ठेवला. "बाई, हा यंदा होळीले. वजनदार हाये, सकाळवरी जळन."

"तो असू दे," मी म्हटलं.

"काहून? तुमाले काय कराचं हाये त्याचं?"

शब्द ओठांवर होता. त्यात किडे आहेत. एवढंच म्हणायचं होतं. पण बबनच्या मागे चौघं उभे होते, यमुनाबाई दारातून ऐकत होत्या, आणि मला ते हसू आधीच ऐकू येत होतं. लग्न न झालेली, एकटी राहणारी, लाकडाला पाणी घालणारी बाई, आणि आता म्हणते किडे पाळलेत. मी मूग गिळून बसले. बबन म्हणाला, "सोमवारी नेतो मंग."

होळीवर एकदा लाकूड पडलं की ते परत काढत नाहीत. सोमवारपर्यंत चार दिवस होते. मी सुखदेवजींना गाठलं.

"सांगा ना मंग खरं," ते म्हणाले. "किडे हायेत म्हना."

"हसतील."

"हसू द्या. हासण्यानं कोनी मेलं काय?"

मी यमुनाबाईंच्या दाराकडे बघितलं. ते चिडले. चिडले की त्यांची विडी विझायची. "मानसाचं कोनी ऐकत नाई, बाई. इथं धोंड्याले शेंदूर लावला का त्याचं ऐकते लोक. लावा मंग शेंदूर!" असं म्हणून ते निघून गेले.

रविवारी आरा बंद होता. आवारातले सगळे कामठीला एका लग्नाला गेले होते. भर दुपारी मी इतवारीतून शेंदूर आणला, गोड्या तेलात कालवला आणि शाळेचा चपटा ब्रश घेऊन ओंडक्यापुढे बसले. हात कसलेला होता. दोन गाठी होत्या, त्यांचे डोळे झाले. खाली आडवा तडा होता, त्याचं तोंड. हातोड्याचा ठसा कपाळावर आला. नुसतं फासून उठले असते तर बरं झालं असतं. पण चित्रकलेच्या मास्तरणीला ते जमणार कसं? मी रेषा सारखी केली, कडा पुसल्या, मागे सरून बघितलं. काम फार चांगलं उतरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यमुनाबाई नळावर आल्या आणि त्यांची घागर तिथेच राहिली. "अगं माय!" त्यांनी पदर डोक्यावर घेतला. ओंडक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाई, म्हनून तुमी रोज पानी घालत होत्या! अन् आमी हासत होतो वं!" त्यांनी खरोखर स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते त्यांनी त्यांच्या सोयीनं घेतलं. बबन आला, बघितलं, चपला काढल्या आणि हात जोडले. ओंडका वाचला. होळीत दुसरं लाकूड जळलं आणि मी खोलीत बसून सुटकेचा श्वास घेतला.

सुखदेवजींनी तो शेंदूर बघितला आणि आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग एकदा आऱ्याच्या सुट्टीत येऊन उभे राहिले. "मी चिडून बोललो होतो, बाई. छप्पन्न साली दीक्षेच्या दिवशी मी बापासंगं त्या मैदानावर होतो. घरी आल्यावर बापानं घरातले देव टोपल्यात घेतले अन् नाग नदीत सोडले. शेंदूर पुसाले पिढ्या गेल्या आमच्या. तुमी शिकल्या-सवरल्या, एका दुपारी लावून बसल्या."

पण खरं सांगायचं तर तो चैत्र माझ्या आयुष्यातला सगळ्यात भरलेला महिना होता. ओंडक्याचं आरेवाली माय असं नाव पडलं. मंगळवारी-शुक्रवारी बायका यायच्या, पाणी घालायच्या, आणि मग माझ्या उंबऱ्यावर बसायच्या. ज्या दारात वर्षभर पोस्टमनही फिरकत नव्हता तिथे चपलांचा ढीग. मायची पहिली पूजा माझी, कारण माय आधी मला दिसली. यमुनाबाईंनी मला कुरड्या घालायला शिकवलं. माझ्या कुरड्या वेड्यावाकड्या व्हायच्या आणि सगळ्या हसायच्या, पण ते हसणं वेगळं होतं. कुणी आंबील आणून द्यायचं, कुणी मुलाच्या लग्नाचं सांगायचं. आणि ओंडका? त्याला इतकं पाणी कधीच मिळालं नव्हतं. वैशाखात बाहेर माती भेगाळलेली आणि माझ्या बारशिंग्यांची लेकरं गार ओलाव्यात लोळत असणार. मला वाटलं, आपण शहाणपणा केला.

वैशाखातच यमुनाबाईंच्या नातीला गोवर निघाला. पोर फार आजारी झाली. गोवर म्हणजे माता आली, आणि माता तर दारातच होती. यमुनाबाईंनी नवस बोलला. पोर बरी झाली.

ज्येष्ठात एका संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या. नवीन लुगडं, हातात हळदकुंकवाचं ताट. "बाई, मायले ओटा बांधतो. विटा अन् शिमिट बी आणलं. चारी बाजूनं पक्का, वरून बी. फक्त मायचं तोंड उघडं ठेवतो. उद्या मिस्तरी येते. पण तुमाले इचारल्याशिवाय नाई. माय तुमची हाये पहिले."

चारी बाजूंनी पक्का. मला ते ताबडतोब समजलं. पावसाळा यायला पंधरा दिवस होते. आतल्यांपैकी ज्यांचे तीन पावसाळे भरले होते त्या आता अळ्या राहिल्याच नव्हत्या. कोशातून निघून, शिंगं घेऊन, पावसाच्या ओलीची वाट बघत बसल्या होत्या. बाहेर यायच्या वाटा सगळ्या सालीतून, आणि समोरच्या तोंडावर तेल-शेंदराचा थर आधीच बोटभर झालेला. मला फक्त खरं बोलायचं होतं. यमुनाबाई रागावल्या असत्या, आवारानं तोंड फिरवलं असतं, नातीच्या नवसाशी खेळले म्हणून कदाचित खोलीही सोडावी लागली असती. त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं. त्यांचा अंगठा गरम होता.

मी म्हटलं, "करा."

ओटा दोन दिवसांत झाला. छान झाला. यमुनाबाईंनी पहिला नारळ माझ्या हातून फोडवून घेतला.

आषाढात एका दुपारी एक वाजता आरा थांबला, आणि मला आवाज आला. खर्र, खर्र. थांबून पुन्हा खर्र. आरा चालू असेपर्यंत काही ऐकू येत नसे. जेवणाच्या त्या एका तासातच यायचा. मी ओट्याला कान लावला. आतून कुणीतरी खरवडत होतं. एक नाही, बरेच. माझ्या मागे यमुनाबाई येऊन उभ्या राहिल्या, त्यांनीही कान लावला, आणि त्यांचे डोळे भरून आले. "माय बोलते," त्या हळूच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता आवारात वीस बायका होत्या. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्लीतल्याही आल्या. आरा थांबला की सगळ्या श्वास रोखून बसायच्या, आतून खरवडल्याचा आवाज यायचा, आणि सगळ्या एकदम हात जोडायच्या. मीही जोडले. त्या गर्दीत, खांद्याला खांदा लावून बसलेले असताना, माझ्याइतकं एकटं कुणी नव्हतं.

चौथ्या दिवशी मी सुखदेवजींकडे गेले. म्हटलं, "सब्बल घ्या. मागून एक वीट काढा. कुणाला कळणार नाही."

त्यांनी आऱ्याच्या पट्ट्यावरचा भुसा झटकला. "माह्या हातानं नको, बाई. माह्या हातानं मायचा ओटा फुटला त गल्ली पेटन. बबन काय म्हनन, तुमाले समजते." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी जा, सगळ्याईपुढं खरं सांगा. मंग मी सगळ्याईपुढं फोडतो. आत्ता. चला."

ते उठून उभे राहिले. सब्बल घेतली. मी उठले नाही.

आठव्या दिवशी आवाज बारीक झाला. दहाव्या दिवशी आरा थांबला, बायका बसल्या, आणि काहीच आलं नाही. पंख्याखाली जेवणाऱ्या कामगारांची भांडी तेवढी वाजत होती. यमुनाबाई म्हणाल्या, "माय शांत झाली." सगळ्यांना बरं वाटलं. त्या संध्याकाळी मी वही काढली. सात चित्रं नरांची, चार माद्यांची, एक अळीचं, मग ओंडकाच ओंडका. पुढचं पान तसंच राहिलं. दिवाळीत मी बदलीसाठी अर्ज केला आणि लकडगंज सोडलं. निघताना सगळ्या बायका रडल्या. सुखदेवजी आऱ्यावरून उतरले नाहीत. लांबूनच हात वर केला.

त्यानंतर मी तिकडे फिरकले नाही. एकदा ऑटोतून जाताना दिसलं, तिथे टाइल्स लावलेलं देऊळ झालंय, वर भगवा. ऑटोवाल्यानं गाडी चालवता चालवता छातीला हात लावला.

आज सकाळी मी खाली उतरले. गुडघे दुखतात, वेळ लागला. रामभाऊ फाटकाशी मोडक्या खुर्च्या रचत होते. मी म्हटलं, "रामभाऊ, ते आंब्याचं खोड राहू द्या." या वयात, एका वॉचमनपुढे, मी पदर सावरला. "त्यात किडे आहेत."

"किडे हायेत?" ते खोडापाशी गेले, वाकले, साल जराशी उचलली आणि आत बघितलं. मग ती साल परत ठेवली.

"हो ना. मंग राहू द्या, बाई," ते म्हणाले, आणि खुर्च्यांकडे वळले.

ते हसले नाहीत.